एवढाच मंगळ?

दुर्बिणी विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाच्या तोंडून एक शब्द हमखास ऐकावा लागतो. ‘एवढाच?’ शनी दाखवा, ‘एवढाच?’ गुरू दाखवा, ‘एवढाच?’ चंद्र तेवढा सुटतो, कारण तो जास्त मोठा केला की दुर्बिणीत मावत नाही. मग लोक विचारतात, ‘पूर्ण का नाही दिसत?’ कसबा पेठेतल्या आमच्या दुकानात मी हा शब्द इतकी वर्षं ऐकला, की आता दुकान बंद करून बराच काळ लोटला तरी पंगतीत कोणी पुरणपोळी बघून ‘एवढीच?’ म्हणालं, तर माझा हात आपोआप फोकसचं चाक शोधायला लागतो.

मी नसीम शिकलगार. आमच्या आडनावातच धंदा आहे. पूर्वज तलवारींना धार लावायचे. तलवारींचे दिवस गेले तसे आजोबा कात्र्या-अडकित्त्यांवर आले, आणि अब्बांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोलाद सोडून काच घासायला घेतली. दुकानाच्या पुढच्या भागात चष्मे, मागच्या भागात अब्बा. जाड काचेच्या एका तबकडीवर दुसरी ठेवायची, मधे पाणी आणि कुरुंदाची पूड घालायची आणि घासत बसायचं, महिनेन्‌महिने. त्यातून खोलगट आरसा तयार होतो आणि त्याला मुलामा दिला की दुर्बिणीचं मुख्य काम झालं. चष्म्यांवर आमचं घर चालायचं आणि दुर्बिणींवर अब्बा. मी बी.एस्सी. झाले आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून गल्ल्यावर बसले. ती नोकरी अजून लागायची आहे.

गल्ल्यावर बाई दिसली की लोक दुकानात शिरता शिरता थबकायचे.

“मालक नाहीत का?”

“आहेत. बोला.”

“नाही, म्हणजे... कोणी पुरुष माणूस?”

“चष्मा हवा असेल तर नंबर सांगा. पुरुष हवा असेल तर समोर केशकर्तनालय आहे, तिथे पुष्कळ बसलेले असतात.”

असं बोलून गिऱ्हाईक जातं असं व्यापाराच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. पुण्यात ते परत येतं, आणि येताना मेव्हण्यालाही घेऊन येतं.

आमची गच्ची पेठेत प्रसिद्ध होती. दोन प्रकारचे लोक तिथे चंद्र शोधायला यायचे. संकष्टीला उपास सोडायला बसलेल्या शेजारणी, आणि रमजान संपत आला की आमचे नातेवाईक. दोन्हींच्या पोटात भूक आणि दोन्हींची समजूत एकच, की दुर्बीण असली म्हणजे ढगापलीकडचं दिसतं. ‘नसीम, त्या ढगाच्या मागे बघ ना जरा,’ असं शेजारच्या इंदूकाकू दर संकष्टीला म्हणायच्या. मी बघितल्यासारखं करायचे. पुढे खिचडी वर यायची, त्यामुळे तक्रार नव्हती.

परदेशी माल मोकळेपणाने यायला लागेपर्यंत पुण्यात चांगली दुर्बीण घेणं म्हणजे अब्बांकडे नंबर लावणं. काच जुन्या बाजारातून, नळी पाइपवाल्याकडून, खालची पेटी सुताराकडून, आणि उशीर अब्बांकडून. मग बाजार उघडला आणि रंगीत खोकी आली. खोक्यावर कड्यासकट शनी, जांभळे-गुलाबी तेजोमेघ आणि ठळक अक्षरांत ‘५२५ पट’. ‘खोक्यावर शनी आणि आत शोककळा,’ असं अब्बा म्हणायचे.

हे ‘पट’ प्रकरण जरा समजावून सांगते, कारण अर्धं पुणं ह्यातच फसलं. दुर्बीण किती पट मोठं दाखवते ह्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. जिथे डोळा लावतो ते छोटं भिंग, म्हणजे आयपीस, बदललं की पट बदलते. खरा प्रश्न नळीचं तोंड किती रुंद हा, कारण प्रकाश तिथून येतो. प्रकाश थोडा आणि पट जास्त म्हणजे चार माणसांच्या आमटीत चाळीस माणसांसाठी पाणी घालणं. आमटी वाढते, पण ती आमटी राहत नाही. दुसरा प्रश्न स्टँडचा. स्टँड लुळा असेल तर आकाशातला कुठलाही ग्रह भूकंपात सापडल्यासारखा दिसतो. आणि तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही म्हणून आम्ही विचारायचो: उचलवते का?

त्यासाठी दुकानाचा एक नियम होता. आमची इमारत तीन मजली, जिना अरुंद आणि इतका उभा, की धरायला वरून दोर सोडलेला. दुर्बीण घ्यायची असेल तर ती गिऱ्हाइकाने स्वतः उचलून गच्चीवर न्यायची, दिवसाउजेडी पर्वतीचा कळस बघायचा आणि स्वतःच खाली आणायची. मी मागून फक्त ‘सांभाळून’ म्हणणार. जी पहिल्या मजल्यावर टेकवावीशी वाटली, ती दुर्बीण तुमची नाही. ती घरी जाऊन माळ्यावर चढणार आणि दिवाळीच्या साफसफाईला दरवर्षी तिच्यावरून भांडण होणार. ह्या नियमापायी आमची कितीतरी मोठी गिऱ्हाइकं जिन्यातच संपली. पण जी उरली, त्यांनी तारे बघितले.

कॅमेऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. आकाश स्थिर वाटतं, पण पृथ्वी फिरत असते, त्यामुळे जरा वेळ झाकण उघडं ठेवून फोटो काढला की ताऱ्याच्या जागी रेघ येते. म्हणून दुर्बिणीला आकाशाबरोबर हळूहळू फिरवणारी मोटर लागते, आणि मोटरचं वजन पेलणारा स्टँड लागतो. फोटोच काढायचे असतील तर आधी स्टँड घ्या, मग दुर्बीण, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी, हे मी सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि आधी कॅमेरा घेऊन यायचे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नमुने होते. एक गृहस्थ खूप चौकशी करून, चांगली भारीतली दुर्बीण पसंत करून म्हणाले, ‘हिच्यातून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसेल ना? त्यांना आमच्या आधी पाणी सोडतात असा संशय आहे.’ मी म्हटलं, दिसेल, पण उलटी दिसेल. ते म्हणाले, ‘चालेल. पाणी आहे की नाही एवढंच बघायचंय.’ दुसरे येरवड्याच्या तुरुंगातून निवृत्त झालेले पहारेकरी. आयुष्यभर मनोऱ्यावर उभं राहून खाली बघितलं, आता वर बघायचं म्हणाले. त्यांना द्विनेत्री दिली, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची साधी दुर्बीण. त्यांच्याइतका सबुरीचा निरीक्षक मी पाहिला नाही. ‘सगळे जागच्या जागी आहेत,’ असं दर महिन्याला येऊन सांगून जायचे.

पण मला सांगायचं आहे ते मंगळाबद्दल.

एका वर्षी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. नेमका पावसाळ्यात. आणि आयटीवाल्यांच्या ऑफिसांतून एक ई-मेल फिरायला लागली, की ह्या महिन्यात मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र, पुन्हा आयुष्यात योग नाही, दहा जणांना पाठवा. मूळ मजकूर असा होता, की पंचाहत्तर पट मोठा करून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा भरेल. पुढे पाठवता पाठवता पंचाहत्तर पट गळाली आणि चंद्र तेवढा राहिला. दुकानात रांग लागली. एरवी पावसाळ्यात आमच्याकडे फक्त चष्म्यांच्या मोडलेल्या काड्या यायच्या.

त्या गर्दीत एक दिवस एक मुलगा आणि एक मुलगी आली. दोघं एकाच कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. गळ्यात ओळखपत्रं तशीच. मुलगा वारज्याचा, नाव सौरभ. मुलगी मृणाल.

“मॅडम, सगळ्यात पॉवरफुल टेलिस्कोप दाखवा,” सौरभ म्हणाला.

“काय बघायचंय?”

“मार्स.”

“कशासाठी?”

तो गळ्यातलं ओळखपत्र फिरवायला लागला. मृणाल म्हणाली, “लग्नासाठी.”

मग सगळं बाहेर आलं. मृणालला कडक मंगळ. मुलगी आवडली, नोकरी आवडली, स्वभावही बरा वाटला, पण पत्रिका आली आणि सौरभच्या आईने, कुमुदताईंनी, नकार दिला. अशा मुलीशी लग्न केलं तर मुलाच्या जिवाला धोका, असं त्यांचं म्हणणं. तुळशीचं लग्न झालं की त्या सौरभचं नाव विवाह मंडळात घालणार होत्या. म्हणजे मधे जेमतेम पावसाळा आणि दिवाळी. त्यात त्या ई-मेलची बातमी शेजाऱ्यांकडून त्यांच्यापर्यंत पोचली होती. ‘आता तर तो आणखी जवळ येतोय म्हणे,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि पत्रिका कपाटात ठेवून दिली.

पत्रिकेतल्या मंगळाबद्दल मी बोलणं बरोबर नाही. आमच्यात लग्न मोडायला ग्रह लागत नाहीत, एक खाला, म्हणजे मावशी, पुरते. म्हणून मी एवढंच विचारलं, “मग दुर्बिणीचं काय?”

“आईला मार्स ॲक्च्युअली दाखवला की भीती जाईल,” सौरभ म्हणाला. “सायंटिफिक ॲप्रोच.”

“आणि तुमचं काय म्हणणं?” मी मृणालला विचारलं.

“माझं म्हणणं, मंगळ माझा आहे, तर दुर्बीण मी निवडणार.”

मला ती मुलगी तिथेच आवडली. मी फळीवरून अब्बांच्या हातची छोटी दुर्बीण काढली. साडेचार इंची आरसा, लाकडी पेटीवर बसणारी, हाताने फिरवायची. म्हटलं, “ही घ्या. तुम्हाला मंगळ लहान दाखवायचाय ना? मग लहान दुर्बीण घ्या.”

सौरभला अपमान झाल्यासारखं वाटलं. “पण मॅडम, रिझोल्यूशन?”

“तुमच्या आईला रिझोल्यूशन नकोय, सून हवीय.”

“तीच तर नकोय,” मृणाल म्हणाली.

सौरभने शेवटी मोटरवाली, आठ इंची, परदेशी घेतली. जिन्याची परीक्षा दिली. दुसऱ्या मजल्यावर तो नळी मांडीवर घेऊन पायरीवर बसला, म्हणाला, ‘मी जिमला जातो, प्रॉब्लेम नाही,’ आणि बराच वेळ प्रॉब्लेम नसल्यासारखा बसून राहिला. मृणाल स्टँड घेऊन त्याला ओलांडून वर गेली. पर्वतीच्या जागी त्यांना पाऊस दिसला.

मंगळ जवळ आला आणि ढगांमागून निघूनही जायला लागला. सौरभ रोज फोन करायचा. ‘मॅडम, क्लाउड्स.’ जणू ते मीच खोक्यात घालून दिले होते. मी सांगायचे, धीर धरा, नवरात्रात आकाश धुऊन निघेल, मंगळ तेव्हाही चांगला असेल. मधल्या काळात त्याला मी एक युक्ती दिली. तेव्हा कॉम्प्युटरवर गप्पा मारायचे छोटे वेबकॅम नवीन निघाले होते. त्याचं पुढचं भिंग काढायचं आणि कॅमेऱ्याचा रोल ज्या काळ्या प्लास्टिकच्या डबीत येतो, ती कापून त्यावर बसवायची. ती डबी आयपीसच्या जागी अशी चपखल बसते, की करणाऱ्याने दोन्हींचं माप एकमेकांना विचारून घेतलं असावं. मग मंगळाची फिल्म घ्यायची आणि त्यातली चांगली चित्रं कॉम्प्युटरकडून एकावर एक रचून घ्यायची. हवेची थरथर जाते आणि चित्र स्वच्छ होतं.

नवरात्रात आकाश उघडलं. आठवड्याने सौरभ भलंमोठं चित्र छापून घेऊन आला. लालभडक गोळा, खाली पांढरी बर्फाची टोपी, मधे काळपट डाग. अब्बांनी डोळ्याला भिंग लावून ते चित्र कोपऱ्या-कोपऱ्याने तपासलं आणि म्हणाले, “माशाल्लाह.” अब्बा हे फक्त मटणाला म्हणायचे. मलाही आनंद झाला. वारज्याच्या गच्चीवरून, वेबकॅमने, असा मंगळ म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती.

“आईंना दाखवला?” मी विचारलं.

“आज. सरप्राइज आहे. कॉम्प्युटर टीव्हीला जोडलाय. मी त्याला रोटेटही केलंय, स्लोली फिरतो.”

“मृणाल काय म्हणाली?”

“ती नको म्हणाली. पण तिला प्रेझेंटेशनचा इम्पॅक्ट कळत नाही.”

इम्पॅक्ट झाला. कुमुदताई देवापुढे दिवा लावून हॉलमध्ये आल्या, तर अख्ख्या टीव्हीभर रक्तासारखा लाल मंगळ सावकाश त्यांच्याकडे तोंड फिरवत होता. त्यांनी मेन स्विच बंद केला. सगळ्या घरात अंधार झाला आणि त्या अंधारात म्हणाल्या, ‘बाहेर होता तो बरा होता. तू घरात आणलास.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी विवाह मंडळाचा नंबर शोधला. हे सगळं मृणालने मला फोनवर सांगितलं. हसत सांगायला सुरुवात केली होती, शेवटी ‘नंतर करते’ म्हणून तिने फोन ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी कुमुदताई स्वतः दुकानात आल्या. इस्त्रीची सुती साडी, हातात छत्री, दसरा होऊन गेला तरी.

“दुर्बिणी विकणाऱ्या आपणच का?”

“हो.”

“मालक?”

“मीच.”

“बरं झालं. मग आपल्याशीच बोलते.” एवढ्या वर्षांत मालक मीच हे ऐकून ‘बरं झालं’ म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक. “ती वस्तू परत घ्या. पैसे नकोत. घरात नको आहे.”

“तुम्ही तिच्यातून बघितलंत?”

“टीव्हीवर बघितलं, तेवढं पुरे झालं.”

मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. म्हटलं, “कुमुदताई, स्थळ येतं तेव्हा आधी फोटो येतो ना?”

“येतो.”

“फोटोत मुलगा कसा दिसतो?”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “फोटोत सगळेच गोरे आणि उंच असतात. स्टुडिओवाले हात फिरवतात.”

“तुमच्या मुलाने टीव्हीवर दाखवला तो मंगळाचा स्टुडिओतला फोटो. शेकडो चित्रं घेतली, त्यातली बरी तेवढी ठेवली, वर हात फिरवला.”

“असं होय.” त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “फोटोवरून ठरवत नाहीत. प्रत्यक्ष बघावं लागतं.”

“मग या ना. आज संध्याकाळी. बघण्याचा कार्यक्रम समजा.”

त्यांच्या ओठांची एक कड जराशी हलली. पुण्यात ह्याला हसणं म्हणतात. “सौरभला कळवू नका,” त्या म्हणाल्या. “त्याला समजावून सांगायची फार सवय आहे.”

“आणि मृणाल?”

त्यांनी छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. “तिला यायचं तर येऊ दे. मंगळ तिचा आहे.”

संध्याकाळी मी कांदेपोहे केले. पद्धत म्हणजे पद्धत. दिवेलागणीला दोघी आल्या. एकमेकींशी बोलल्या नाहीत. मी अब्बांची छोटी दुर्बीण काढली आणि ती वर न्यायला उचलणार, तर मागून अब्बा म्हणाले, “नियम?”

“अब्बा, त्या गिऱ्हाईक नाहीत.”

“बघणार त्याच ना?”

कुमुदताईंनी विचारलं, काय नियम आहे. सांगितला. त्यांनी पदर खोचला, नळी काखेत मारली, एका हाताने दोर धरला आणि कुठेही न टेकवता तीन मजले चढल्या. लाकडी पेटी मृणालने घेतली. मी पोह्यांचं ताट घेऊन मागून ‘सांभाळून’ म्हणत होते.

वर आकाश स्वच्छ होतं. मंगळ नुसत्या डोळ्यांनाही दिसत होता, केशरी, आजूबाजूच्या ताऱ्यांहून ठसठशीत. मी पंचाहत्तर पटीचं आयपीस लावलं, मंगळ मधोमध आणला आणि कुमुदताईंना स्टुलावर बसवलं. त्यांनी आधी चप्पल काढली. मग डोळा लावला.

मृणाल माझ्याशेजारी उभी होती. तिने माझ्या ओढणीचं टोक कधी मुठीत घेतलं ते तिलाही कळलं नसावं.

“कुठेय?” कुमुदताई म्हणाल्या.

“मधे. केशरी दिसतोय बघा.”

“तो? तो थरथरणारा?”

“हवा हलते त्याने थरथरतो.”

बराच वेळ काही नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती सुरू होईपर्यंतसुद्धा काही नाही. मग त्यांनी डोळा बाजूला घेतला, आकाशातल्या मंगळाकडे बघितलं, पुन्हा डोळा लावला आणि म्हणाल्या,

“एवढाच?”

आयुष्यभर ज्या शब्दाने माझं डोकं उठवलं, तो त्या दिवशी पहिल्यांदा मला गोड लागला. मृणालने ओढणी सोडली.

“पंचाहत्तर पट मोठा करूनसुद्धा एवढाच,” मी म्हटलं.

“सरकला. गेला हो.”

मृणाल पुढे झाली. “काकू, नळीला हळूच बोट लावा. असं. आला?”

“आला.” त्या बोटाने नळी ढकलत मंगळाच्या मागे मागे जात राहिल्या. मोटर नसलेल्या दुर्बिणीत हे करावंच लागतं. बघणारा आपोआप गप्प होतो आणि त्याचा हात हलका होतो. “आपणच ह्याच्या मागे लागायचं म्हणजे. हा आपला जातोय त्याच्या वाटेने.”

“हो.”

डोळा न काढता त्या म्हणाल्या, “मलाही हाच.”

मला आधी समजलं नाही. मृणालला समजलं.

“माझं लग्न उशिरा झालं ते ह्याच्यामुळे. लोक यायचे, पोहे खायचे, पत्रिका बघायचे, कळवतो म्हणायचे. एक जण पत्रिका बघूनसुद्धा परत आला होता. स्वतःहून, एकटा. तर माझ्याच वडिलांनी नको म्हटलं. त्या मुलाच्या जिवाचं काही झालं तर आयुष्यभर बोल लागेल म्हणाले.” त्यांनी नळी थोडी ढकलली. “मग सौरभच्या वडिलांचं स्थळ आलं. त्यांनाही मंगळ. दोघांना असला की चालतो. चाललं तसं. वाईट नाही.”



“तो मनुष्य परवा तुळशीबागेत दिसला,” त्या म्हणाल्या. “चांगला ठणठणीत आहे. केससुद्धा आहेत.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दोन्ही एकदम आलं की काय करायचं असतं ते मला अजून माहीत नाही. मी पोह्यांवरचं झाकण काढून पुन्हा लावलं.

मग कुमुदताई उठल्या. स्टूल पदराने पुसलं, पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं तरी. मृणालकडे वळून म्हणाल्या, “ये. बस इथे. तुझा आहे ना, नीट बघून घे. मला कोणी दाखवला नव्हता.”

मृणालने तो मंगळ वारज्याच्या गच्चीवर कितीतरी वेळा, कितीतरी मोठ्या दुर्बिणीतून पाहिलेला होता. पण ती बसली आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत राहिली. तिच्या केसांची बट सारखी आयपीसवर येत होती. कुमुदताईंनी ती मागे घेतली आणि तशीच धरून ठेवली.

पोहे खाताना त्यांनी निकाल दिला. “मीठ कमी पडलंय. आणि स्थळ अगदीच किरकोळ आहे हो. फोटोत केवढा दाखवला होता.”

जाताना त्यांनी छोटी दुर्बीण मागितली. अब्बा स्वतःच्या हातची दुर्बीण सहजासहजी द्यायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः पुसून दिली. ‘कुठेही टेकवली नाही,’ असं ते नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. मोठी सौरभकडेच राहिली, कारण कुमुदताईंच्या मते त्याला कॉम्प्युटरपुढे बसायला काहीतरी निमित्त लागतंच. पुढे वारज्याहून माझ्याकडे अधूनमधून चिंताक्रांत आया यायला लागल्या, हातात पत्रिका घेऊन. ‘कुमुदताईंनी पाठवलंय. म्हणाल्या, आधी बघून घ्या, मग घाबरा.’

अब्बा गेले, आणि काही वर्षांनी दुकानही गेलं. आता फोनमध्ये कॅमेरा आहे, फोन आकाशाकडे धरला की तो ताऱ्यांची नावंसुद्धा सांगतो, आणि आमच्या गच्चीवरून पर्वतीचा कळस दिसत नाही, मधे कोणाचा तरी बाल्कनीवाला सुखी संसार उभा राहिलाय. अब्बांकडून मी आरसा घासायला पुरतं शिकले नाही ह्याची रुखरुख आहे. तरी अजून कोणी ना कोणी गाठतं आणि विचारतं, पहिली दुर्बीण कोणती घेऊ, कॅमेरा कोणता घेऊ. मी विचारते, घराला जिना आहे का? लिफ्ट आहे म्हणाले, की म्हणते, मग तुमचं कठीण आहे.

त्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि विवाह मंडळात कोणाचंच नाव गेलं नाही. संक्रांतीच्या सुमारास संध्याकाळी कुमुदताई आल्या. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हाताने दोर धरून थेट गच्चीवर.

“शनी वर आलाय ना आता? साडेसाती सुरू आहे. म्हटलं, तोंडओळख करून घ्यावी.”

मी शनी लावून दिला. त्यांनी पुष्कळ वेळ बघितला. ‘एवढाच’ म्हणाल्या नाहीत. “ह्याला घाबरायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “देखणा आहे.”

मग पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली, वर अक्षता ठेवल्या आणि माझ्या हातात दिली. सौरभ आणि मृणाल. तारीख बघून मी थबकले. वार मंगळवार होता. आमच्या पेठेत वाढलेल्या माणसाला एवढं कळतं, की लग्नाला मंगळवार सहसा कोणी घेत नाही.

“मंगळवार?” मी विचारलं.

“कोणी घेत नाही म्हणून हॉल रिकामा होता,” कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी नळीला बोट लावून शनी पुन्हा मधोमध आणला. “आणि त्यालाही बोलवायला नको का? इतकी वर्षं घरात होता.”